अनित्यतेचा उपदेश आणि बदलाचा अधिकार

संकेतस्थळे उघडून पडद्यावर दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीला ब्राउझर म्हणतात. सातबाऱ्याचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते असे बहुतेक व्यवहार आज तिच्यामार्फत होतात, आणि तरीही तिचे रूप कसे असावे हे ठरवण्यात ते व्यवहार करणाऱ्याचा काडीचाही वाटा नसतो. रात्रीतून प्रणाली स्वतःला अद्ययावत करते. सकाळी कालच्या जागची कळ भलतीकडे गेलेली असते, एखादी रोजची सोय नाहीशी झालेली असते, आणि त्यावर वापरणारा संतापला तर त्याला ठरलेले उत्तर मिळते, की बदल हा जगाचा नियम आहे, चार दिवसांत सवय होईल. हे उत्तर व्यवहारी वाटले तरी त्याच्या पोटात एक फार जुना सिद्धान्त आहे. जे जे उत्पन्न होते ते ते पालटते आणि लयाला जाते, म्हणून त्याला चिकटून राहणे हेच दुःखाचे मूळ होय, असे तो सिद्धान्त सांगतो. वस्तूंच्या या पालटत्या स्वभावाला अनित्यता म्हणतात. अनित्यता खरी आहे याविषयी येथे वाद नाही. वाद आहे तो याविषयी, की ज्याने बदल घडवून आणला त्यानेच ज्याच्यावर तो लादला गेला त्याला अनित्यतेचा उपदेश करावा, हे धर्मविचाराला मान्य होण्याजोगे आहे काय.

हा प्रश्न परभणीसारख्या जिल्ह्यात तपासून पाहणे सोयीचे आहे, कारण तेथे ब्राउझर ही करमणुकीची गोष्ट राहिलेली नसून उपजीविकेचे साधन झाली आहे. गंगाखेड, पाथरी, जिंतूर, सेलू, मानवत, पूर्णा, पालम, सोनपेठ या तालुक्यांच्या गावी शासकीय दाखले आणि अर्ज यांचे काम करणारी सेवा केंद्रे आहेत, ग्रामपंचायतींत संगणक परिचालक आहेत, आणि शेतकऱ्याचा शासनाशी येणारा संबंध पुष्कळ अंशी यांच्या हातांतून जातो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संकेतस्थळावर मिळू लागला, खरिपाच्या पीकविम्याची मुदत बहुधा जुलैअखेर संपते, आणि त्या आठवड्यात केंद्राबाहेर रांग असते. या कामात मुरलेला परिचालक पडद्यावरचा प्रत्येक शब्द वाचत नाही. उजव्या कोपऱ्यातली तीन टिंबे, त्यांखालची चौथी ओळ, छापण्याची खूण, उतरवून घेतलेली कागदपत्रे दिसण्याची जागा हे सारे त्याला स्थानावरून ठाऊक असते. इंग्रजी कच्चे असलेल्या माणसाच्या बाबतीत तर स्थान आणि चित्र हीच त्याची अक्षरओळख असते. अशा माणसासाठी कळ हलवणे म्हणजे सजावट बदलणे नव्हे, त्याच्या साक्षरतेचा एक तुकडा काढून घेणे होय.

या बदलांचा इतिहास लहान असला तरी बोलका आहे. २००८ साली गुगलने क्रोम हा ब्राउझर आणला आणि वापरणाऱ्याला न विचारता पार्श्वभूमीवर स्वतःला अद्ययावत करण्याची रीत रूढ केली. मोझिला संस्थेच्या फायरफॉक्स या ब्राउझरने २०११ च्या जूनपासून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढण्याचा परिपाठ स्वीकारला. पुढे दोन्ही ब्राउझर चार आठवड्यांच्या चक्रावर आले. २९ एप्रिल २०१४ रोजी आलेल्या फायरफॉक्सच्या २९ व्या आवृत्तीने टॅबांना गोलाई दिली, जोडसाधनांची, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या प्रणालींची, खालची पट्टी काढून टाकली आणि मेनू एका तीन रेघांच्या कळीमागे नेला. ज्यांना हे रुचले नाही त्यांच्यासाठी जुने रूप परत आणणारी जोडसाधने स्वयंसेवकांनी तयार केली. परंतु १४ नोव्हेंबर २०१७ च्या ५७ व्या आवृत्तीने त्या जातीच्या जोडसाधनांचा आधारच काढून घेतला, त्यामुळे तक्रारीबरोबर तक्रारीचा उपायही बुडाला. १ जून २०२१ च्या ८९ व्या आवृत्तीत टॅब सुट्या बटणांसारखे दिसू लागले, मेनूमधील बहुतेक चित्रखुणा गेल्या आणि जागा वाचवणारी दाट मांडणी सहज सापडणाऱ्या पर्यायांतून हटवण्यात आली. चित्रखुणा काढणाऱ्याच्या मनात स्वच्छता असेल. चित्रावरून ओळखणाऱ्याचे काय, हा विचार त्या स्वच्छतेत बसलेला दिसत नाही.

संताप का होतो याची मीमांसा करताना आधुनिक मानसशास्त्राकडे जाण्यापूर्वी वैशेषिक दर्शनाकडे पाहणे फलदायी ठरते. वैशेषिक हे द्रव्य, गुण, कर्म इत्यादी पदार्थांची चिकित्सा करणारे प्राचीन भारतीय दर्शन असून त्याने मानलेल्या चोवीस गुणांपैकी एक गुण संस्कार हा आहे. या दर्शनाचा भाष्यकार प्रशस्तपाद याने त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला वेग, म्हणजे एकदा मिळालेल्या गतीमुळे पुढे जात राहणे. दुसरा भावना, म्हणजे अनुभवाने आत्म्यात उमटलेला आणि पुढे स्मरणाला व ओळखीला कारण होणारा ठसा. तिसरा स्थितिस्थापक, म्हणजे वाकवलेली वस्तू मूळ आकारावर परत येण्याची शक्ती. जुन्या जागी आपोआप जाणारा हात, तेथे कळ न सापडल्यावर क्षणभर होणारा गोंधळ आणि दहादा चुकूनही जुन्याच जागेकडे वळणे या तिन्ही गोष्टींना हे वर्गीकरण आश्चर्य वाटावे इतके लागू पडते. त्याहून महत्त्वाचे असे, की हा ठसा तीन कारणांनी उमटतो असे प्रशस्तपाद म्हणतो : अनुभव तीव्र असल्याने, तो पुनःपुन्हा घेतल्याने, किंवा तो आस्थेने घेतल्याने, आणि पुनरावृत्तीचे उदाहरण देताना तो विद्या, कारागिरी व व्यायाम यांची नावे घेतो. परिचालकाचे कसब याच वर्गात मोडते.

या विवेचनातून एक निष्कर्ष निघतो, तो वैशेषिकांनी काढलेला नसला तरी त्यांच्या सिद्धान्ताला धरून आहे. वेग आणि स्थितिस्थापक हे बाहेरच्या जड द्रव्यांतही राहतात, परंतु भावना केवळ आत्म्यात राहते. याचा अर्थ असा, की वापरात मुरलेल्या साधनाचा निम्मा भाग साधनात आणि उरलेला निम्मा वापरणाऱ्यात असतो. पहिल्या भागावर निर्मात्याची मालकी मान्य केली तरी दुसरा भाग वापरणाऱ्याने स्वतःचा काळ आणि आस्था खर्चून घडवलेला आहे. आणि कळ हलवली जाते तेव्हा निकामी होतो तो हा दुसरा भाग. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर याने १९२७ साली हातोड्याच्या उदाहरणाने दाखवून दिले, की चांगले चालणारे साधन वापरणाऱ्याच्या लक्षातच येत नाही, ते बिघडले की मगच डोळ्यांपुढे येते. पण त्याचा हातोडा मोडतो. तो कारखानदाराच्या मर्जीने रात्रीतून दांड्याची बाजू बदलत नाही. हायडेगरच्या काळी तशी कल्पना करण्याचे कारणही नव्हते.

येथे अनित्यतावाद्याचा आक्षेप उभा राहतो आणि तो नीट मांडला पाहिजे. १९५६ साली डॉ. आंबेडकरांनी केलेल्या धर्मांतरानंतर मराठवाड्यात बुद्धविचार पुन्हा जिवंत धर्म झाला, आणि परभणी जिल्ह्यातील वस्त्यावस्त्यांच्या विहारांत अनित्य, दुःख, अनात्म हे शब्द पोथीपुरते उरलेले नाहीत. त्या विचारानुसार दुःखाचे कारण वस्तूचे पालटणे हे नसते. ती पालटू नये अशी तृष्णा हे असते. मग परिचालकाचा संताप हे त्याच्या आसक्तीचेच फळ नव्हे काय? आक्षेप याहूनही पुढे नेता येतो. मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की ज्या रथातून तू आलास तो रथ म्हणजे चाक, की कणा, की दांडी. आणि यांपैकी एकही भाग रथ नसून भागांच्या मेळाला लोकव्यवहारात दिलेले ते नाव आहे, असे ठरते. तेव्हाच्या औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली काढलेल्या महाविद्यालयाला याच राजाचे नाव दिलेले असल्यामुळे ही कथा मराठवाड्याच्या सुशिक्षित वर्गाला परकी नाही. ब्राउझरचे तसेच म्हणता येईल : टॅब, मेनू, जोडसाधने, आतले यंत्र हे सारे बदलले, नाव तेच राहिले; जुना फायरफॉक्स अशी काही स्थिर वस्तू मुळात नव्हतीच, मग हरवले ते काय?

या युक्तिवादाचे पहिले उत्तर नागसेनाच्याच भूमिकेत आहे. नाव हा लोकव्यवहार असेल, तर लोकव्यवहार एकट्याचा नसतो. बोलणारा आणि ऐकणारा, देणारा आणि घेणारा असे दोघे तो चालवतात. एका पक्षाने नाव कायम ठेवून नावामागचे सारे बदलावे आणि दुसऱ्याने नावावर ठेवलेला विश्वास मात्र तसाच वापरून घ्यावा, याला व्यवहार म्हणता येत नाही. दुसरे उत्तर अधिक मूलगामी आहे. बौद्ध विचारात कर्माचे स्वरूप चेतना, म्हणजे हेतुपूर्वक केलेला मनोव्यापार, असे सांगितले आहे. गोदावरीचे पात्र सरकते, देह थकतो, भिंतीला ओल येते, या घटनांत कोणाची चेतना नाही. त्या अनित्यतेच्या कक्षेत येतात आणि त्यांच्याविषयी समता बाळगणे हे शहाणपण आहे. कंपनीच्या बैठकीत ठरून, आराखडा काढून, ठरावीक तारखेला पाठवलेली आवृत्ती ही चेतनापूर्वक घडते, म्हणून ती कर्म ठरते. आणि कर्माविषयी ते कुशल की अकुशल, हितकर की अहितकर असा प्रश्न विचारता येतो, किंबहुना विचारावाच लागतो. कर्माला निसर्गनियमाचा वेष देणे ही बुद्धाच्या शिकवणुकीची सरळसरळ मोडतोड होय.

बौद्ध संघाचा स्वतःचा आचार या बाबतीत फार उद्बोधक आहे. परिनिर्वाणापूर्वी बुद्धाने आपला शिष्य आनंद याला सांगितले होते, की संघाची इच्छा असल्यास त्याने माझ्यामागे क्षुद्र आणि अतिक्षुद्र नियम रद्द करावेत. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत, म्हणजे भिक्षूंच्या धर्मसभेत, क्षुद्र नियम कोणते हे आनंदाने विचारून घेतले नव्हते असे निघाले, स्थविरांची त्यावर मते जुळेनात, आणि तेव्हा महाकाश्यप स्थविराने प्रस्ताव मांडला, की नवा नियम करू नये, असलेला मोडू नये. त्यासाठी त्याने दिलेले कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे : हे नियम गृहस्थांनाही ठाऊक आहेत, भिक्षूला काय चालते आणि काय चालत नाही हे लोक जाणतात, आणि आता ते मोडले तर शास्त्याच्या, म्हणजे बुद्धाच्या, चितेचा धूर विरेपर्यंतच त्याची शिस्त टिकली असे लोक म्हणतील. ज्या समुदायाचा पायाच अनित्यता, त्याने बदलाची परवानगी हाती असूनही, बाहेरच्या लोकांनी धरलेल्या ओळखीचा मान राखून बदल टाळला. बदल करण्याची त्याची रीतही सैल नव्हती. संघाच्या महत्त्वाच्या निर्णयांत प्रस्ताव एकदा मांडून मग तीनदा विचारला जाई, आणि समोर बसलेल्यांपैकी कोणी हरकत घेतली नाही तरच मौन म्हणजे संमती समजली जाई. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. आंबेडकरांनी भिक्षुसंघाला संसदीय कामकाजाचे नियम ठाऊक होते याकडे लक्ष वेधले, त्यामागे हीच परंपरा होती. ब्राउझर ज्या मौनाला संमती मानतो ते गैरहजर माणसाचे मौन असते. तो झोपलेला असताना त्याला विचारले, असे म्हणणेही कठीण, कारण विचारलेलेच नसते.

बौद्ध विचार बाजूला ठेवून भक्तिमार्गाकडे वळले तर कोणी म्हणेल, की शरणागती हाच ज्या मार्गाचा प्राण आहे तेथे तरी तक्रारीला जागा नसावी. गोदाकाठच्या गंगाखेडची संत जनाबाई या शंकेचे निरसन करते. नामदेवांच्या घरी दासी म्हणून तिने दळण, कांडण, झाडलोट यांत आयुष्य घालवले आणि त्याच कामांत विठ्ठलाला सोबतीला आणले. पण तिची शरणागती विठ्ठलाला होती, घरच्या व्यवस्थेला नव्हती, आणि विठ्ठलाशीही ती भांडते, रुसते, त्याला खरमरीत बोल लावते. संपूर्ण समर्पणाच्या परंपरेतदेखील समर्पिताचा गाऱ्हाण्याचा हक्क शाबूत राहतो. मग ज्याच्याशी केवळ सोयीचा संबंध आहे अशा कंपनीपुढे निमूटपणाची अपेक्षा कोणत्या धर्माच्या आधाराने करावी? गीतेतील स्थितप्रज्ञाचेही तेच. सुखदुःखांत ज्याची बुद्धी ढळत नाही तो स्थितप्रज्ञ, हे लक्षण साधकाने स्वतःला लावून पाहायचे असते. दुसऱ्याला दुःख देऊन मग त्याची बुद्धी ढळली का हे मोजण्याचे ते माप नव्हे.

याचा अर्थ प्रत्येक बदल अन्याय्य असतो असा होत नाही, आणि परभणीला हे सांगण्याची गरजही नाही. परभणी ज्यात होती त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकापासून कचेऱ्यांची भाषा उर्दू होती, महसुली कारभार फसली सनाने चाले, आणि संस्थानाचा स्वतंत्र रुपया, ज्याला हाली सिक्का म्हणत, ब्रिटिश हिंदुस्थानच्या सहा रुपयांना सात या दराने चालत असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, त्यानंतर हे सारे पालटले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. हा बदल लोकांनी मागितला होता, त्यासाठी लढाही दिला होता. तरीही उर्दूत मुरलेल्या कारकुनाची, वकिलाची, शिक्षकाची भावना, वैशेषिकांच्या अर्थाने, या बदलात निकामी झाली हे खरेच आहे, आणि तिची किंमत आजही मोजली जाते : २०२३ साली जुन्या कागदपत्रांतील कुणबी जातीच्या नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा निजामकालीन उर्दू आणि मोडी दप्तर वाचू शकणारी माणसे शोधावी लागली. न्याय्य बदलातही कोणाचे तरी कसब बुडते. न्याय्य बदलाची खूण अशी, की तो बुडणाऱ्याची दखल घेतो आणि त्याला अवधी देतो. हाली सिक्का विलीनीकरणानंतर लगेच बंद झाला नाही, काही वर्षे तो भारतीय रुपयाच्या जोडीने चालला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा आणे-पैची नाणी काही काळ सोबत चालू राहिली, आणि नाण्याच्या नावातला ‘नया’ हा शब्द १ जून १९६४ पर्यंत टिकला. म्हणजे रुपयाच्या सुट्यांसाठी सात वर्षे सरकार जनतेला हे नाणे नवे आहे अशी आठवण देत राहिले. ब्राउझरच्या जगात सात आठवडेही चैनीचे मानले जातात.

कंपन्यांचा सबळ बचाव सुरक्षिततेचा आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. ब्राउझरमधील फटींतून खात्यातले पैसे जाऊ शकतात, आणि सेवा केंद्राच्या एका संगणकावर शेकडो लोकांची आधार व बँक-माहिती येते, म्हणून दुरुस्त्या तत्काळ आणि न विचारता पोहोचणे हितावह आहे. परंतु फट बुजवणे आणि कळ हलवणे ही दोन भिन्न कर्मे आहेत. ती वेगळी करता येतात याचा पुरावा खुद्द कंपन्यांनीच दिला आहे. फायरफॉक्स २०१२ पासून दीर्घ आधाराची एक आवृत्ती काढतो, जिला सुमारे वर्षभर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात आणि रूप व सोयी मात्र बदलत नाहीत. शाळा, विद्यापीठे, मोठ्या कचेऱ्या यांना दर सहा आठवड्यांचा बदल झेपत नाही म्हणून ती निघाली. क्रोमनेही २०२१ साली चार आठवड्यांचे चक्र सुरू करताना संस्थांसाठी आठ आठवड्यांचा मार्ग ठेवला. ज्याच्यापाशी संगणक विभाग आहे त्याचे गाऱ्हाणे ऐकले गेले आणि पालमच्या केंद्रचालकाला अनित्यता शिकवली गेली, असा याचा सरळ अर्थ आहे. जे वेगळे करता येते ते जाणूनबुजून एकत्र पाठवणे ही चेतना झाली, आणि तिची जबाबदारी पाठवणाऱ्याकडेच राहते.

बदल टाळण्याची आणखी एक वाट म्हणून जुना स्रोत, म्हणजे प्रणालीची मूळ संहिता, घेऊन वेगळा ब्राउझर चालवणारे काही गटही आहेत, कारण फायरफॉक्सचा स्रोत खुला आहे. पण स्रोत खुला असण्याचे स्वातंत्र्य ज्याला तो वाचता येतो त्याचे असते, त्यामुळे येथे त्याचा फार उपयोग नाही. संताप आवरणे हे परिचालकाचे स्वतःशी असलेले कर्तव्य आहे आणि त्यासाठी बुद्ध, गीता, जनाबाई यांपैकी कोणाचाही आधार त्याने घ्यावा. मात्र त्याला तो आवरायला सांगण्याचा अधिकार बदल करणाऱ्याला पोहोचत नाही. दरम्यान जे हाती आहे ते करायला हरकत नसावी. फायरफॉक्सची दीर्घ आधाराची आवृत्ती संस्थेप्रमाणे व्यक्तीलाही विनामूल्य उतरवून घेता येते. जिल्हा प्रशासनाने जेथे कामाची संकेतस्थळे तीत नीट चालतात तेथे सेवा केंद्रांच्या आणि ग्रामपंचायतींच्या संगणकांवर ती बसवून द्यावी, वर्षाने होणाऱ्या तिच्या बदलाची सूचना परिचालकांना मराठीत आणि आगाऊ द्यावी, आणि शासनाने आपल्या स्वतःच्या संकेतस्थळांचे रूप बदलायचे झाल्यास ते पीकविम्याच्या मुदतीच्या आठवड्यात तरी बदलू नये.